ऑइल बदलून महिना होत नाही तोच गियर पुन्हा अडकतात: जाड ग्रेड घेण्याआधी काय तपासायचं

ऑइल बदललं की मोटारसायकल काही दिवस लोण्यासारखी चालते. गियर नुसत्या पायाच्या टोकाने पडतात, इंजिनाचा आवाज खाली येतो. हजार-बाराशे किलोमीटर झाले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पाय मारावा लागतो, दुपारच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) खडखडायला लागतात. मग कोणीतरी सांगतं, "जरा जाड ऑइल टाक." टेन-थर्टीच्या (डब्यावर १०डब्ल्यू-३०) जागी ट्वेंटी-फोर्टी येतं, पुढच्या वेळी ट्वेंटी-फिफ्टी. आवाज थोडा दबतो, पण सकाळी किक जड होते, अ‍ॅव्हरेज उतरतं आणि दीड हजारावर गियर अडकायचे ते अडकतातच.

यातून सुटायचं असेल तर नवा डबा घेण्याआधी एक गोष्ट नीट बघा: त्रास नेमका कधी होतो? इंजिन थंड असताना की तापल्यावर? ऑइल नवं असताना की जुनं झाल्यावर? खरं कारण या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच बहुतेक वेळा सापडतं, आणि ग्रेड बदलायची गरज आहे की नाही तेही तिथेच कळतं.

बदलल्या बदलल्या क्लच स्लिप होत असेल तर

नवं ऑइल टाकल्यावर पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्येच गाडी ओढायची बंद झाली असेल तर आधी क्लच बघा. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गियरमध्ये ४० च्या वेगाने जाताना मूठ पूर्ण पिळा. इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही, तर क्लच स्लिप होतोय. अशा वेळी डब्यावरच्या ग्रेडपेक्षा त्याच्या मागच्या बाजूचं बारीक अक्षर महत्त्वाचं.

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींच्या क्लचप्लेट इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. कारमध्ये तसं नसतं. म्हणून कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये, विशेषतः पातळ ग्रेडमध्ये, इंधन वाचावं यासाठी घर्षण कमी करणारी रसायनं घालता येतात. तीच रसायनं मोटारसायकलच्या क्लचप्लेटवर बसली की प्लेट एकमेकींना धरत नाहीत. या अडचणीसाठी जपानमध्ये १९९८ साली जासो (तिथली वाहनांची मानकं ठरवणारी संस्था) टी९०३ हे प्रमाण आलं. त्यात एमए म्हणजे क्लच धरून ठेवणारं ऑइल आणि एमबी म्हणजे कमी घर्षणाचं. २००६ च्या आवृत्तीत एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग झाले. एमए२ ची पकड अधिक.

घोटाळा होतो तो इथे. गियर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, बेल्टच्या बाजूला. त्यामुळे तिला एमबी ऑइल चालतं, उलट तेच हवं असतं. अ‍ॅक्टिवाला टेन-थर्टी लागतं आणि स्प्लेंडरलाही टेन-थर्टीच लागतं. दुकानात दोन्ही डबे शेजारी शेजारी असतात आणि घाईत स्कूटरचा डबा मोटारसायकलमध्ये रिकामा होतो. ग्रेड बरोबर असूनही क्लच सुटतो, आणि दोष मात्र "पातळ ऑइल"च्या माथी मारला जातो.

डब्यावर जासो एमए किंवा एमए२ आहे का ते वाचा. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या गोल चिन्हात खाली 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' किंवा जुन्या डब्यावर 'एनर्जी कन्झर्व्हिंग' असं छापलेलं असेल तर ते ऑइल मोटारसायकलला नको. चुकीचं पडलंच असेल तर गरम इंजिनावर काढून टाका, योग्य ऑइल भरा, दोन-तीनशे किलोमीटर चालवा आणि ते पुन्हा बदला. काढताना जुनं सगळं निघत नाही, थोडं क्लचमध्ये आणि कोपऱ्यांत राहतंच, म्हणून दोनदा. बऱ्याच गाड्या एवढ्यावर सुधारतात. नाही सुधारली आणि क्लच स्लिप होत असताना गाडी बरीच दामटली गेली असेल, तर प्लेट जळलेल्या असतात. नव्या प्लेट बसवताना त्या आधी ताज्या ऑइलमध्ये भिजत ठेवायला मेकॅनिकला आवर्जून सांगा. कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच करपतात.

क्लच जुना झाल्यामुळेही हेच लक्षण दिसतं, पण ते हळूहळू वाढत जातं, ऑइल बदलल्याच्या दिवसापासून अचानक सुरू होत नाही. आणि केबल फार ताणलेली असली तरीही क्लच स्लिप होतो. ते बघायला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे सगळ्यात आधी तेच बघावं.

आकडे काय सांगतात

टेन-डब्ल्यू-थर्टीमधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा तापल्यानंतरच्या जाडीचा. दोन्ही एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या प्रमाणातून येतात. थंडीत इंजिन फिरवण्याची चाचणी १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंशांवर होते, १५डब्ल्यूसाठी उणे २० वर आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ वर. निफाडला किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ दव गोठतं तेव्हाही पारा शून्याच्याच आसपास असतो. म्हणजे आपल्याकडे गाडी थंडीने सुरूच होणार नाही अशी भीती कोणत्याच ग्रेडला नाही.

यावरून पहिला आकडा आपल्याला निरुपयोगी, असं बरेच जण धरून चालतात. ते बरोबर नाही. ४० अंश तापमानाला टेन-थर्टीची जाडी साधारण ७० सेंटिस्टोकच्या (जाडी मोजायचं एकक) आसपास असते, तर ट्वेंटी-फिफ्टीची दीडशेच्या पुढे. पुण्यातल्या किंवा नाशिकच्या हिवाळ्यातल्या सकाळी हा फरक आणखी वाढतो. वरच्या कॅमपर्यंत ऑइल उशिरा पोचतं, क्लचप्लेट एकमेकींना चिकटून राहतात, पहिला गियर टाकताना 'खट्' आवाज होऊन गाडी पुढे उडी मारते. पहिल्या पाच मिनिटांतच हा त्रास होत असेल आणि इंजिन तापल्यावर जात असेल, तर ऑइल गरजेपेक्षा जाड आहे. मॅन्युअलमधल्या ग्रेडवर परत या. रात्रभर चिकटलेल्या प्लेट सुटण्यासाठी सकाळी इंजिन सुरू करण्याआधी क्लच दाबून दोन-तीन किक मारल्या तरी फरक पडतो.

दुसरा आकडा १०० अंशांवर मोजतात. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३ आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. ही एकेक पट्टी आहे, ठरलेला बिंदू नव्हे. १२.४ चं 'थर्टी' आणि १२.६ चं 'फोर्टी' यांतला फरक इंजिनाला कळणारही नाही, उलट ९.५ चं आणि १२.३ चं, दोन्ही 'थर्टी' असूनही, स्वभावाने अगदी वेगळी. एकाच ग्रेडच्या दोन कंपन्यांच्या ऑइलवर गाडी वेगळी चालते ती बऱ्याचदा यामुळे. कंपन्यांच्या तांत्रिक माहितीपत्रकात १०० अंशांवरची जाडी छापलेली असते आणि ती पत्रकं सहज मिळतात. माझ्या मते जाडीच्या बाबतीत त्या एका ओळीतून डब्यावरच्या सगळ्या जाहिरातीपेक्षा जास्त कळतं.

हजार-बाराशेनंतरचा त्रास

आता मूळ तक्रारीकडे. नव्या ऑइलवर गाडी छान, जुनं झालं की गियर अडकतात. हे पुन्हा पुन्हा होतं त्याचं मुख्य कारण गियरबॉक्स.

मल्टिग्रेड ऑइल बनवताना पातळ मूळ तेलात लांब साखळ्यांचे पॉलिमर मिसळतात. ते थंडीत आखडलेले असतात आणि तापल्यावर पसरून ऑइलची जाडी टिकवून धरतात. कारमध्ये इंजिनाचं ऑइल इंजिनात आणि गियरबॉक्सचं गियरबॉक्समध्ये. मोटारसायकलमध्ये मात्र तेच लिटरभर ऑइल पिस्टन, क्लच आणि गियर असं सगळं सांभाळतं. दोन गियरच्या दातांमध्ये सापडून या साखळ्या तुटत जातात. तुटलेली साखळी पुन्हा जोडली जात नाही. ऑइल काळं झालं नसलं, कमी झालं नसलं, तरी तापल्यावरची त्याची जाडी उतरलेली असते. पाय ते आधी ओळखतो, डोळ्यांना दिसत नाही.

जासोच्या प्रमाणातच ही घट धरलेली आहे. कातरणीच्या (म्हणजे साखळ्या मुद्दाम तोडून बघायच्या) चाचणीनंतर ३० ग्रेडचं ऑइल किमान ९, ४० चं किमान १२ आणि ५० चं किमान १५ सेंटिस्टोक राहिलं तरी ते उत्तीर्ण होतं. वरच्या पट्ट्या बघा: १५ म्हणजे ४० ची पट्टी. ट्वेंटी-फिफ्टी म्हणून टाकलेलं ऑइल वापरात फोर्टी होऊ शकतं आणि तरीही प्रमाणात बसतं.

म्हणून जाड ग्रेड घेतल्याने हा त्रास मुळातून जात नाही, फक्त थोडा पुढे ढकलला जातो. बघायचं ते दोन आकड्यांतलं अंतर आणि मूळ तेल. अंतर जितकं मोठं, तितके पॉलिमर सहसा जास्त लागतात. साध्या मिनरल तेलातलं टेन-फिफ्टी हे टेन-थर्टीपेक्षा लवकर ढासळण्याची शक्यता जास्त. सिंथेटिक मूळ तेल स्वतःच तापमानाला बरंच टिकतं, त्यामुळे त्यात पॉलिमर कमी पुरतात. तुमच्या गाडीला टेन-थर्टी सांगितलं असेल आणि दीड हजारावर गियर अडकत असतील, तर टेन-थर्टीच ठेवा, पण मिनरलऐवजी सेमी-सिंथेटिक किंवा सिंथेटिक घ्या. नाहीतर मिनरलच वापरून बदलायचं अंतर कमी करा. रोज पाच-सहा किलोमीटर, थांबत थांबत, गर्दीतून जाणाऱ्या गाडीला दुसरा मार्गच परवडतो.

छोट्या फेऱ्यांचा आणखी एक तोटा असतो. इंजिन पूर्ण तापतच नाही, आणि न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरत राहतं. पेट्रोलने ऑइल पातळ होतं. ऑइलची पट्टी बाहेर काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येतो किंवा लेव्हल आपोआप वाढलेली दिसते, तर ग्रेडचा प्रश्न तिथेच संपला. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत फ्लोटची सुई नीट बसत नसेल आणि टाकीचा कॉक रात्रभर उघडा राहत असेल तर पेट्रोल थेट इंजिनात उतरू शकतं. तिथे सुई बदला, कॉक बंद करायची सवय लावा आणि ते ऑइल लगेच काढा. असल्या ऑइलवर गाडी चालवणं म्हणजे बेअरिंगचा जीव घेणं.

तापल्यावर न्यूट्रल सापडत नाही

ऑइल ताजं आहे, ग्रेड बरोबर आहे, तरी अर्ध्या-पाऊण तासाच्या ट्रॅफिकनंतर गियर घट्ट होतात, असं असेल तर क्रम पाळा.

लेव्हल सगळ्यात आधी. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर, इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद, आणखी दोन-तीन मिनिटं थांबून मग मोजायचं. हिरो आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांत पट्टी पुसून नुसती टेकवायची असते, पिळून बसवायची नसते. पिळून मोजलं तर लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि इंजिन कमी ऑइलवर चालत राहतं. ज्या गाड्यांना बाजूला काचेची खिडकी असते तिथे गाडी सरळ उभी असणं महत्त्वाचं, साइड स्टँडवर ती खिडकी खोटं सांगते. उलटी चूकही तितकीच होते. गाडीला लागतं लिटरपेक्षा कमी आणि डबा असतो एक लिटरचा, मग उरलेलं कशाला ठेवायचं म्हणून सगळं ओततात. जास्तीचं ऑइल क्रँक घुसळत राहते, इंजिन तापतं, आणि ब्रीदरच्या नळीतून ऑइल एअर फिल्टरमध्ये जातं. फिल्टर काढल्यावर तेलकट दिसला तर हे आठवा.

दुसरं, क्लचची केबल. लिव्हर फार सैल असेल तर दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही, आणि अर्धवट सुटलेल्या क्लचवर न्यूट्रल सापडणं अवघडच. हिरो आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांत लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर खेळ सांगितलेला असतो, काही कंपन्यांच्या गाड्यांत त्याहून बराच कमी. आपल्या मॅन्युअलमधलं माप धरा. तिसरं, स्लो रेस, म्हणजे मूठ सोडल्यावर इंजिन फिरण्याचा वेग. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची स्लो मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांच्या आसपास असते. ती वाढवून ठेवलेली असेल तर पहिला गियर धाडकन पडतो आणि ऑइल कोणतंही असलं तरी तसाच पडणार. टॅपेटचा आवाज असेल तर तो थंड इंजिनावर फीलर गेजने तपासून घ्या. जाड ऑइलने टॅपेट शांत करणं म्हणजे फक्त आवाज झाकणं. गॅप वाढलेला असेल तर आतले भाग ठोके खात झिजत राहतात.

हे सगळं ठीक निघालं आणि गाडी हवेवर थंड होणारी असेल, तरच ग्रेड एक पायरी चढवण्याचा विचार रास्त. चंद्रपूर, अकोला, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि गर्दीत इंजिनावर वाराही लागत नाही. अशा गाडीतलं ऑइल १०० अंशांच्या पुष्कळ वर जातं. तिथली खरी कसोटी १५० अंशांवर, जोराच्या कातरणीखाली मोजलेली जाडी. जे३०० मध्ये ३० ग्रेडला ती किमान २.९ सेंटिपॉइज (हे वेगळं एकक) लागते, टेन-फोर्टीला ३.५ आणि ट्वेंटी-फोर्टीला ३.७. मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता दिलेला असेल तर त्यातली वरची पायरी उन्हाळ्यात घ्यायला काहीच हरकत नाही. टेन-थर्टीच्या गाडीला टेन-फोर्टी ही माझ्या मते सगळ्यात समजूतदार उडी: सकाळची सुरुवात फारशी जड होत नाही आणि दुपारी आधार मिळतो. तक्त्यात नसलेली ट्वेंटी-फिफ्टी मात्र टाकू नका.

छोट्या स्प्लेंडरसारख्या गाड्या टेन-थर्टीवर लाखभर किलोमीटर का चालतात, हेही समजून घ्यावं. त्यांच्या क्रँकला बॉल आणि रोलर बेअरिंग असतात. त्यांना ऑइलचा जाड थर नको, वेळेवर पोचलेलं ऑइल हवं. शिवाय त्यांत कागदी फिल्टर नसतो. एक जाळी आणि उजव्या कव्हरच्या आत फिरणारा गोल फिल्टर, एवढंच. ती जाळी वर्षानुवर्षं कोणी काढतच नाही. गाळाने ती अर्धी बुजली असेल तर जाड ऑइल तिच्यातून आणखी मुश्किलीने जातं. वरच्या बाजूला कॅम खडखडत असेल तर ऑइल बदलण्याआधी जाळी साफ करून घ्या.

रॉयल एनफिल्डच्या ३५० ला फिफ्टीन-फिफ्टी आणि ६५० ला टेन-फिफ्टी सांगितलेलं असतं, ते त्या इंजिनांची रचना आणि उष्णता धरून. "बुलेटला चालतं मग माझ्या गाडीला का नाही" हा युक्तिवाद शंभर सीसीच्या गाडीवर करू नये. लेहला जाताना ग्रेड बदलायची का, असंही बरेच जण विचारतात. जून ते सप्टेंबरमध्ये पांग, सरचूला रात्री पारा शून्याखाली गेला तरी १५डब्ल्यू आणि २०डब्ल्यू दोन्ही त्याच्या आवाक्यात आहेत. ताजं ऑइल घालून निघा, ग्रेड तोच ठेवा.

गावाकडे ट्रॅक्टरसाठी आणलेलं फिफ्टीन-फोर्टी घरात असतं आणि तेच मोटारसायकलमध्ये जातं. डिझेलच्या त्या ऑइलमध्ये घर्षण घटवणारी रसायनं बहुधा नसतात, म्हणून क्लच लगेच सुटत नाही आणि ते चालतं असं वाटतं. डब्यावर जासो एमए असेल तर टाका. नसेल तर क्लचसाठी ते कोणी तपासलेलं नाही, आणि चारशे-पाचशे रुपये वाचवून क्लचप्लेट पणाला लावण्यात शहाणपण नाही. ट्रॅक्टरचं गियर किंवा हायड्रॉलिकचं तेल तर चुकूनही नको.

राहिली ऑइल पिणारी गाडी. सकाळी सुरू करताना निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेत. चालत्या गाडीत मूठ पिळल्यावर निळा धूर मारत असेल तर रिंगा किंवा सिलिंडर. अशा गाडीला जाड ऑइल टाकलं की धूर कमी होतो, हे खरं आहे, आणि पैसे जमेपर्यंत महिना-दोन महिने तेवढ्यासाठी ते वापरायला माझा विरोध नाही. पण त्या काळात दर आठवड्याला लेव्हल बघा आणि कमी झालेलं त्याच ग्रेडचं ऑइल भरा, कारण अशा गाड्यांची इंजिनं शेवटी जाम होतात ती बहुतेक वेळा ऑइल संपल्यामुळे. सील असतील तर काम सिलिंडर हेडपुरतं आटपतं. रिंगांचं काम काढलंच, तर सिलिंडर मोजल्याशिवाय नुसत्या रिंगा बदलून घेऊ नका.